नवायच्या आधीची काकडी

आमच्या वावरात एक माणूस काकडी खात उभा होता.

निळा शर्ट, पायात शहरी बूट, आणि बुटांना घोट्यापर्यंत आमच्या डोंगराचा लाल चिखल. जीप घाटातच बंद पडली म्हणून मी मोलगीच्या रस्त्यावरून आडवाटेने घरी चालले होते. पाऊस नुकताच थांबला होता. मक्याच्या पानांवरून थेंब गळत होते आणि हा गृहस्थ आमच्याच वेलापाशी डोळे मिटून इतक्या चवीने काकडी खात होता की क्षणभर मलाच ओरडवेना.

क्षणभरच हं.

"अहो! टाका ती! टाका म्हणते ना!"

तो एवढा दचकला की तोंडातला घास चावायचाही विसरला आणि तसाच गिळून बसला.

"गिळलीत?"

"हो… म्हणजे… सॉरी. इथे कोणी दिसलं नाही आणि भूक लागली होती. पैसे देतो मी–"

"पैसे ठेवा खिशात. नवाय झाली का आमची अजून?"

"कोण… काय झाली?"

आता याला काय सांगायचं! नवाय म्हणजे आमच्याकडचा नव्या पिकाचा सण. वावरातलं नवं काहीही, काकडी असो, मक्याचं कणीस असो, आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, मग आपण खायचं. तोवर आमच्या पाड्यात कोणी नव्याला तोंड लावत नाही. माझ्या बाबांच्या नाकासमोर काकड्या लोंबत असतात आणि ते बांधावर बसून जुन्या ज्वारीची भाकरी चटणीशी खात असतात. आणि हा कुठला कोण, खुशाल…

मी हे सगळं त्याला एका दमात ऐकवलं. त्याने उरलेली अर्धी काकडी पाठीमागे लपवली, जशी काही मी ती पाहिलीच नव्हती.

"गाव कुठलं तुमचं?"

"पुरुषोत्तमनगर."

"साखर कारखान्याचे! तरीच. चालत्या ट्रॅक्टरमधून ऊस ओढून खायची सवय असणार."

तो हसला. हसला की त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्तच मिटायचा. ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि ते लक्षात आल्याचा मला रागही आला.

"सवय आहे खरी," तो म्हणाला. "बरं, रिनाताई वसावे कुठे राहतात? अक्कलकुव्यात भाजी गोळा करायचं केंद्र चालवतात त्या. फोनवर बोलणं झालंय आमचं. बाई जरा… कडक आहेत."

"किती कडक?"

"नुसतं 'हं' म्हणाल्या तरी आपण सावरून बसतो."

"वय काय असेल?"

"पन्नाशीच्या असतील."

"चला," मी ओठ दाबून म्हटलं, "घर दाखवते."

घरी आई दारातच होती. "रिना, कोणाला आणलंस गं बरोबर?" तिने विचारलं, आणि फोनवरच्या त्या उमाकांत चौधरीचा चेहरा असा काही झाला की दिवसभराचा माझा शीण गेला.

आई आणि बाबा, म्हणजे मोतीबाई आणि जामसिंग. दोघांना मी काकडीची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, बाबा चिडतील. त्यांनी त्याला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या बोलीत मला म्हणाले, "बाहेरच्याला कसला नेम? पण आपल्या वावरातलं खाल्लं म्हणजे तो आता अगदी बाहेरचा राहिला नाही. नवायला यायला सांग त्याला."

आई आत गेली आणि राखेत ठेवलेल्या बियांतल्या चिमूटभर काकडीच्या बिया घेऊन आली. त्याच्या तळहातावर ठेवत म्हणाली, "खाल्लीस ना? मग आता लाव."

मी दोन्ही मराठीत करून सांगितलं. त्याने बिया रुमालात बांधल्या, बराच वेळ गाठ नीट बसेना, मग आईनेच बांधून दिली.

उमाकांत सुरतेत काम करायचा. एवढं मोठं शहर जेवतं कसं आणि उद्या कसं जेवेल, याचा आराखडा करणाऱ्या एका संस्थेत. त्याने खाटेवर नकाशा पसरला. सुरतेभोवती एक मोठं वर्तुळ, आणि त्याच्या कडेला आमचा सातपुडा. सांगायला लागला की त्याचे हात बोलायचे. शहराचा टोमॅटो तीन राज्यं ओलांडून येतो, महामार्ग दोन दिवस बंद पडला की मंडई रिकामी होते, आणि निम्मी भाजी कचऱ्याच्या डोंगरावर जाते. त्याला हे बदलायचं होतं. एका रात्रीच्या अंतरावरून माल यावा, वॉर्डावॉर्डात सगळ्यांसाठी स्वयंपाकघर असावं, गच्च्यांवर भाजी पिकावी, आणि ओल्या कचऱ्याचं खत होऊन त्याच ट्रकने, रिकाम्या क्रेटांबरोबर, परत आमच्या वावरात यावं.

मला आवडलं ते. पण लगेच आवडलं म्हणायची माझी रीत नाही.

"वर्तुळ छान काढलंय," मी म्हटलं. "यात माझी आई कुठे आहे?"

"म्हणजे?"

"दर दिवाळीनंतर ती आणि बाबा सुरतेलाच असतात. इमारतींच्या कामावर. मी आश्रमशाळेत असल्यापासून. ते तिथे काय जेवतात, ते आहे का नकाशावर?"

त्याने नकाशा बाजूला सारला आणि आईलाच विचारलं. आई सांगत गेली, मी मराठीत करत गेले – भात आणि मिरचीचं पाणी, भाजी घ्यावी तर शिळी, तीही संध्याकाळी उरलेली. त्याने ते सगळं नकाशाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "पहिलं स्वयंपाकघर कामगारवस्तीत काढू. ते मला सुचायला हवं होतं."

आता मला काय हवं होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाड्यापाड्यातल्या बायकांचा माल मी केंद्रावर गोळा करत होते, पण घेणारा रोजचा नव्हता. हा ट्रक सुरू झाला असता, दर आठवड्याला गेला असता, तर या दिवाळीनंतर आई-बाबांना गाठोडं बांधून सुरतेला जावं लागलं नसतं. मुकादम येऊन विचारूनही गेला होता. आईने त्याला सांगितलं होतं, नवाय झाल्यावर कळवते. माझा सगळा जीव त्या एका ट्रकमध्ये अडकला होता.

आणि पुढे पुढे, ट्रकचं ठरवायला येणाऱ्या माणसातही… पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं.

श्रावणात तो दर आठवड्याला अक्कलकुव्याला येऊ लागला. काम फोनवर होण्यासारखं असलं तरी यायचा. महामार्गावरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायचो. समोरून गुजरातकडे ट्रक जात असायचे आणि त्यांनी उडवलेलं पाणी माझ्यावर येऊ नये म्हणून तो मुद्दाम रस्त्याच्या बाजूला बसायचा. एकदा तर पुरता भिजला. मी माझी ओढणी पुढे केली, तर ती हातात धरून नुसताच बघत बसला.

"पुसायला दिलीय. बघायला नाही," मी म्हटलं.

"हो… पुसतो ना." आणि गडबडून तो चक्क आपल्या बोलीत घसरला, "तू बी ना… काय मानूसले घाबरावस!"

"मंग तू माले घाबरस का?"

कप त्याच्या हातातच राहिला. "तुले अहिराणी येस?"

"शहादाले होस्टेलमा शिकनी मी. येवाव नही का?"

"मंग इतला दिन माले शुद्ध मराठीमा कसाले बोलाले लावं?"

"ऑफिसनं काम व्हतं ना ते. सांग, घाबरस का?"

"थोडा घाबरस," तो कपात बघत म्हणाला. "थोडं… दुसरं बी शे."

"दुसरं काय?"

"चहा थंडा व्हई ऱ्हायना."

त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच. रात्री त्याने एक फोटो पाठवला – सुरतेतल्या गच्चीवरचं पत्र्याचं तेलाचं डबडं आणि त्यात दोन हिरवी पानं. खाली लिहिलं होतं, 'तुझी काकडी.' मी उत्तर दिलं, 'माझी नाही, आईची.' मग बराच वेळ फोटो मोठा करकरून बघत बसले. आता त्या दोन पानांत एवढं बघण्यासारखं काय होतं, देव जाणे.

सगळं असं मजेत चाललेलं असताना त्याच्या हातून ती चूक झाली. त्याने तारीख ठरवली.

मागच्या वर्षी आमची नवाय कधी झाली, ते त्याने मला विचारलं होतं. मी सांगितलं. त्याने त्यात चार दिवस धरले आणि सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी स्वयंपाकघराचं उद्घाटन ठेवलं. आमच्या काकड्या, भोपळे, कणसं आदल्या रात्री निघायची होती. शहरभर फलक लागले. मला तो आनंदाने सांगत होता आणि मी ऐकतच राहिले. कारण नवाय कुठल्या कॅलेंडरात छापलेली नसते. ती पाडा ठरवतो. झिपरूआबा, आमचे कारभारी, घरोघरी विचारतात आणि मग दिवस सांगतात.

त्यात या वर्षी पाऊस थांबेना. नदी दोन्ही काठ धरून वाहत होती आणि आमच्या पाड्याच्या कितीतरी लेकी पलीकडे सासरी होत्या. झिपरूआबांनी सांगून टाकलं, "नदी उतरू द्या. पोरी येऊ द्या. त्यांना सोडून कसली नवाय?"

वेल काकड्यांनी वाकले होते. पण एकीचाही हात त्यांना लागत नव्हता.

मी उमाकांतला फोन केला.

"धीरजभाई म्हणतात, मंडईतून ट्रक भरा," तो म्हणाला. धीरजभाई म्हणजे त्याचे साहेब. "काकडी ती काकडी, कोणाला कळणार आहे…"

"आणि तू काय म्हणतोस?"

पलीकडे त्याने कुठलंतरी दार लावून घेतलं.

"रिना, हा दिवस हुकला तर ते डोंगरातला मालच आराखड्यातून काढतील. मग मी काही करू शकणार नाही. तू… झिपरूआबांना एकदा विचार ना. सण जरासा अलीकडे…"

"तू बहिणीला वगळून राखी बांधून घेतोस का?"

"तसं नाही गं–"

"तसंच आहे! की जाऊन नदीला सांगू, आमचे साहेब खोळंबलेत, लवकर उतर म्हणून?"

"मग मी काय करू, ते तरी सांग."

"तुझं तू ठरव," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रागाने बोलले, पण मन थोडंच गप्प बसतं? आईचं ते गाठोडं डोळ्यांपुढे येत राहिलं. संध्याकाळी मी उठले आणि सरळ झिपरूआबांच्या घराकडे निघाले. विचारून तर बघू. दारात आबा एकटेच बसले होते, नदीच्या दिशेला तोंड करून. त्यांची लेक आशा पलीकडच्या पाड्यात दिलेली, लग्नानंतरची तिची ही पहिलीच नवाय.

"काय गं, रिना?"

"काही नाही आबा. पाणी किती आहे ते बघायला आले."

"उतरेल," ते म्हणाले. मी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसले आणि परत आले.

रविवार आला आणि गेला. त्याचा फोन नाही, संदेश नाही. मी मनातल्या मनात त्याचा ट्रक मंडईतून भरला, फलकाखाली उभा केला, त्याला हारसुद्धा घातला. आणि मग चुलीच्या धुराचं निमित्त करून रडले. आईला कळलं असणार, कारण त्या दिवशी चूल पेटलीच नव्हती.

मुकादमाचा पुन्हा निरोप आला.

नदी उतरली ती त्यानंतर आठवड्याने. पोरी आल्या – चपला हातात, लुगडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, काखेत लेकरं. आशाला बघून झिपरूआबा घरात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्याच दिवसाची नवाय ठरली.

सकाळपासून ढोल वाजत होता. घराघरांतून टोपल्या येत होत्या. मी केळीच्या पानावर काकड्या मांडत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आला बघ तुझा काकडीवाला."

टेकडीच्या वाटेवरून तो चढत होता. या वेळी बूट हातात होते. खांद्यावर एक पिशवी, तीही पोटाशी धरलेली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, धापा टाकत.

मी मान वर केली नाही. "मंडईतून भरलास?"

"नाही."

तेव्हा केली.

"धीरजभाईंना सांगितलं, दुसऱ्याची काकडी या लोकांच्या नावाने नेणार नाही. ते भडकले. म्हणाले, मग रविवारी लोकांना काय वाढायचं ते तूच बघ. मी वस्तीत गेलो. स्वयंपाकघराच्या मुख्य बाई आहेत ना, धनुबाई… माहीत आहे, कुठल्या त्या? तुमच्याच तालुक्याच्या. वर्षभर तिथेच असतात. मी म्हटलं, काकड्या काही येत नाहीत. तर त्या काय म्हणाल्या असतील?"

"काय?"

"म्हणाल्या, आल्या असत्या तरी आम्ही कुठे खाणार होतो? गावाकडून नवायचा निरोप आलाय का अजून?"

माझ्या हातातली काकडी तशीच राहिली. एवढं मोठं शहर, त्यात पत्र्याच्या झोपड्या, आणि त्यात बसून आमची माणसं आमच्याचसाठी थांबली होती! मला एकदम भरून आलं.

"मग वाढलंत काय?"

"जुनी ज्वारी. म्हसावदला मामाकडे कोठीत होती, ती नेली. भाकरी, उडदाची डाळ, कांदा-बटाटा. धीरजभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते, पण त्या दिवशी जेवायला बसले आणि दोनदा भाकरी मागून घेतली. आता आराखड्यात लिहिलंय – प्रत्येक वॉर्डात जुन्या धान्याची कोठी. डोंगर ज्या आठवड्यात देणार नाही, त्या आठवड्यात शहर कोठीतलं खाईल. तारीख पाडा कळवेल, आम्ही नाही." त्याने वाटेकडे बोट केलं. "काल धनुबाईंना नवायचा निरोप आला, तसा रात्रीच निघालो. ट्रक खाली रस्त्यावर उभा आहे. खत आणलंय. तुम्ही म्हणाल तेव्हा भरू."

"आणि हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू 'हं' म्हणाली असतीस. मी पुन्हा सावरून बसलो असतो."

मी हसले नाही. फार कष्टाने हसले नाही.

मग त्याने पिशवी उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काकडी होती. जराशी वाकडी, एका बाजूने पिवळट, पण आमचीच. आईच्या बियांची.

"गच्चीवरची पहिली," तो म्हणाला. "वस्तीतली पोरं रोज येऊन बघून जायची. कोणी हात लावला नाही. मीही नाही… वास मात्र घेतलाय. तेवढं चालतं ना?"

आई पुढे झाली. तिने ती काकडी दोन्ही हातांनी घेतली, आमच्या टोपलीत सगळ्यांत वर ठेवली, आणि झिपरूआबांनी ती इतरांबरोबर देवापुढे मांडली. सुरतेची काकडी आहे, हे आईने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. जिथे ती इतकी वर्षं विटा वाहत होती, तिथल्या गच्चीवर तिचं बी लागलं होतं.

पूजा झाली. नव्याचा घास सगळ्यांनी खाल्ला. मी त्या वाकड्या काकडीची फोड उमाकांतच्या हातावर ठेवली. त्याने डोळे मिटले, पहिल्या दिवशी मिटले होते तसेच, आणि या वेळी सावकाश चावून खाल्ली.

मुकादमाचा माणूस उत्तर न्यायला आला होता. आई त्याला म्हणाली, "यंदा आम्ही येत नाही. तुमच्या सुरतेला आमचा ट्रक येईल." आणि वळून पुन्हा बायकांत नाचायला गेली.

आम्ही दोघं वावराच्या कडेला आलो. ढोलाचा आवाज इथवर पोचत होता. ऊन-पाऊस एकदमच चालू होता आणि त्याच्या केसांवर मक्याचा तुरा पडला होता. मी तो काढला नाही.

"रिना… माले तू भलती आवडस."

"काय? ढोल वाजी ऱ्हायना, आयकू येत नही."

"माले तू भलती आवडस!" तो ओरडलाच. ढोल नेमका त्याच क्षणी थांबला. खालच्या बायका खो-खो हसल्या. त्याचे कान लालभडक झाले.

"आता ऐकू आलं," मी म्हटलं. "आख्ख्या पाड्याला आलं."

"मग… तू?"

"मला तर तू त्या दिवसापासून… जाऊ दे. चोर आवडला, हे कोणाला सांगायचं?"

डावा डोळा आधी मिटला, मग उजवा. मग तो एकाएकी गंभीर झाला. "घरी सांगतो मी. कारखान्यातली माणसं आहेत, आधी आरडाओरडा करतील. पण मी सांगेन. आणि तू येशील का तिथे? गच्ची बघायला?"

"बघायला येईन. राहायचं कुठे, ते दोघं मिळून ठरवू. आणि एक ऐकून ठेव, आमच्यात मुलाकडच्यांनी मागणी घालायला यायचं असतं. रिकाम्या हाताने नाही."

"काय आणू?"

"एक काकडी तर आणलीसच."

तो हसत वेलापाशी गेला. एक कोवळी काकडी अगदी त्याच्या हाताजवळ लोंबत होती. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"तोडू?"

"तोड," मी म्हटलं. "अर्धी मला दे."